आईबापाचा हक्क आणि लेकराचा हक्क

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)



जिल्हा न्यायालयात वकिली करताना मला आता तीस वर्षं होऊन गेली. त्यातली निम्म्याहून अधिक वर्षं नवरा-बायकोच्या वादांमध्ये गेली. या काळात माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर जे जे आईबाप येऊन बसले, त्यातल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असायचा : ‘‘मॅडम, मूल मला मिळेल ना?’’ दुसरा प्रश्न असायचा पैशांचा. या सगळ्यात मुलाचं काय होईल, हे विचारणारे फार थोडे. म्हणूनच आज मी पालकांच्या हक्कांबद्दल बोलणार आहे, पण ते मुलाच्या बाजूला बसून.

सुरुवात अगदी साध्या प्रश्नापासून करू. कायद्याच्या भाषेत मुलाचा पालक कोण? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? आई आणि वडील! पण कागदावर ते इतकं सोपं नव्हतं. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या सहाव्या कलमात म्हटलंय, की अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक म्हणजे वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई. अज्ञान म्हणजे अठरा वर्षं पूर्ण न झालेलं मूल. या ‘त्यांच्यानंतर’ शब्दाचा अर्थ कित्येक वर्षं सगळीकडे ‘वडिलांच्या मृत्यूनंतर’ असाच लावला जायचा. नवरा घर सोडून गेलेला असो, दारूत बुडालेला असो, की वर्षानुवर्षं मुलाचं तोंडही न पाहिलेला असो. तो जिवंत आहे ना, मग सही त्याचीच!

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. नवऱ्याचा तीन वर्षं पत्ता नव्हता. त्यांच्या आईनं नातवासाठी थोडी रक्कम ठेवली होती, ती मुलाच्या नावानं बँकेत गुंतवायची होती. काउंटरवरच्या माणसानं फॉर्म परत केला. म्हणाला, ‘‘वडिलांची सही आणा.’’ बाई मला म्हणाल्या, ‘‘वकीलबाई, माणूस सापडत नाही आणि हे सही मागतात. पोराला नऊ महिने पोटात वाढवलं, त्याचं काहीच नाही का?’’

सुदैवानं तोवर सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल आला होता. लेखिका गीता हरिहरन आणि त्यांच्या पतीनं १९८४ साली मुलाच्या नावानं रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचं ठरवलं. पालक म्हणून आईनं सही करायची, असं दोघांनी मिळून ठरवलं होतं. बँकेनं मात्र वडिलांची सही मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १७ फेब्रुवारी १९९९ रोजी निकाल लागला. न्यायालयानं सांगितलं, की ‘त्यांच्यानंतर’ याचा अर्थ ‘त्यांच्या अनुपस्थितीत’ असा घ्यायचा. वडील मुलाकडे लक्षच देत नसतील, दूर राहत असतील, आजारपणामुळे किंवा अन्य कारणानं असमर्थ असतील, किंवा दोघांनी आपसांत तसं ठरवलं असेल, तर वडील हयात असतानाही आई नैसर्गिक पालक म्हणून काम करू शकते. त्या निकालाची झेरॉक्स मी बाईंच्या हातात दिली आणि त्यांचं काम झालं. कलमाचे शब्द मात्र आजही तेच आहेत. अर्थ बदलला तो न्यायालयानं. म्हणून आजही कुठल्या खिडकीवर एखाद्या आईला परत पाठवलं, तर तिनं या निकालाचं नाव सांगावं.

त्यानंतर गोष्टी आणखी पुढे गेल्या. लग्न न करता मूल झालेल्या आईला पालकत्व मिळवण्यासाठी मुलाच्या वडिलांना नोटीस पाठवण्याची किंवा त्यांचं नाव उघड करण्याची सक्ती नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१५ मध्ये सांगितलं. डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टच्या अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचं नाव पुरतं. पतीच्या निधनानंतर पुन्हा लग्न केलेली आई मुलाचं आडनाव ठरवू शकते, हे २०२२ च्या एका निकालानं स्पष्ट झालं. आणि आपल्या महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम आला.

हे झालं हिंदू कायद्याचं. यात बौद्ध, जैन आणि शीखही येतात. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात पालकत्व वडिलांकडे मानतात, पण लहान मूल सांभाळण्याचा, म्हणजे हिजानतचा, हक्क आईचा असतो. ख्रिस्ती, पारशी आणि इतर सर्वांसाठी १८९० चा पालक व पाल्य कायदा आहे. पण धर्म कोणताही असो, वाद न्यायालयात आला की न्यायाधीश शेवटी पाहतात ते मुलाचं हित. हिंदू पालकत्व कायद्याचं तेरावं कलम तर स्पष्टच सांगतं, की मुलाचं कल्याण हाच सर्वांत मोठा विचार.

आता ताब्याकडे येऊ. लोकांच्या मनात याबद्दल दोन पक्के गैरसमज आहेत. एक, पाच वर्षांपर्यंत मूल आईचं आणि नंतर बापाचं. दुसरा, ज्याच्याकडे पैसा जास्त त्याला मूल मिळतं. दोन्ही खरे नाहीत. पाच वर्षांखालचं मूल ‘सामान्यतः’ आईकडे असावं, इतकंच कायदा म्हणतो. त्याचा अर्थ पाचवा वाढदिवस झाला की बापानं येऊन मूल उचलून न्यावं, असा होत नाही. आणि बापाचा पगार जास्त असेल, तर त्यानं पोटगी जास्त द्यावी. केवळ पगारावर ताबा ठरत नाही. मुलाचं वय, शाळा, त्याला कुणाची सवय आहे, घरात कोण कोण आहे, कुणाच्या हाती ते सुरक्षित राहील, हे सगळं पाहिलं जातं. मूल समजत्या वयाचं असेल, तर न्यायाधीश त्याला आपल्या कक्षात बोलावून त्याचं म्हणणं ऐकू शकतात. मुलाची इच्छा विचारात घेतात, पण तेवढ्यावरच निर्णय देत नाहीत. कारण लहान मुलाच्या तोंडून बरेचदा मोठी माणसं बोलत असतात.

मुलं म्हणजे मालमत्ता नव्हे आणि आईबापाची खेळणीही नव्हेत, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७३ सालीच रोझी जेकब यांच्या खटल्यात बजावलं होतं. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, ती फार जणांना माहीत नसते. ताब्याचा हुकूम हा कायमचा नसतो. परिस्थिती बदलली, तर मुलाच्या हितासाठी तो बदलून मागता येतो.

इथे माझी स्वतःची एक गोष्ट सांगते. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका आईची केस लढवली. मुलगी सात वर्षांची होती. मी तयारी चांगली केली होती, बापाच्या उलटतपासणीत त्याला पुरता नामोहरम केला आणि ताबा आईला मिळाला. बापाला भेटीचे दिवस मिळाले होते, पण ते पाळले जात नव्हते. ‘‘त्यानं अर्ज करावा,’’ असं मी माझ्या पक्षकाराला सांगितलं. त्यानं अर्ज केला नाही. कदाचित त्याच्यात पुन्हा उभं राहायची ताकद नव्हती. पंधरा-सोळा वर्षांनी एक तरुणी माझ्या ऑफिसात आली. नोकरीच्या कुठल्याशा कागदावर सही-शिक्का हवा होता. ओळख सांगितली, तीच ती मुलगी! चहा पिता पिता सहज म्हणाली, ‘‘तुम्ही आईच्या वकील होतात. बाबांनाही वकील होते. माझं कोण होतं?’’ तिच्या आवाजात राग नव्हता, पण मला उत्तर देता आलं नाही. बाबा दोन वर्षांपूर्वी वारले होते.

तेव्हापासून मी एक नियम केला. माझ्याकडे ताब्यासाठी येणाऱ्या आईला किंवा बापाला मी पहिल्याच दिवशी सांगते, की दुसऱ्या पालकाला भेटणं हा मुलाचा हक्क आहे. तो तुमच्या मर्जीचा भाग नाही. मी वेगळं काही सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये हेच म्हटलं : मुलाला आई आणि वडील दोघांच्या प्रेमाचा हक्क आहे, एकाला ताबा दिला, तरी दुसऱ्याला भरपूर भेटी मिळाल्या पाहिजेत आणि दूर असलेल्या पालकाशी फोनवर, व्हिडिओ कॉलवर बोलता आलं पाहिजे. न्यायालयाच्या आवारात शनिवारी खाऊचा पुडा घेऊन बाकावर बसून राहिलेले बाप मी पाहिले आहेत. पाच वाजतात, मूल येत नाही. आणि उलटही पाहिलंय. भेटीच्या निमित्तानं नेलेलं मूल परत न आणणारेही असतात. दोन्ही वेळा न्यायालयाचा हुकूम मोडतो आणि शिक्षा मात्र मुलाला होते.

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठीही दोन शब्द. भांडण झालं, की एक जण मूल घेऊन भारतात येतो आणि दुसरा तिकडच्या न्यायालयातून हुकूम आणतो. मुलांना एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याबाबतचा १९८० चा हेग करार आहे, त्यावर भारताची सही नाही. त्यामुळे परदेशी हुकूम आला म्हणजे मूल आपोआप परत गेलं, असं होत नाही. आपली न्यायालयं तो हुकूम लक्षात घेतात. पण मुलाचं हित कशात आहे, हे स्वतः तपासतात. म्हणजे विमानात बसून प्रश्न सुटत नाही, फक्त लांबतो.

आता पोटगी. आमच्याकडे खेड्यात तिला खावटी म्हणतात. खावटी हा शब्द मला आवडतो, कारण त्यात खाणं आहे. मुलाला जेवायला लागतं, मग आईबापाचं पटो वा न पटो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमाखाली अर्ज व्हायचा. १ जुलै २०२४ पासून त्याजागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे. नाव बदललं, हक्क तोच राहिला. हा कायदा सर्व धर्मांना लागू आहे. मूल लग्नाच्या संबंधातून झालेलं असो वा नसो, त्याला पोटगी मिळते. शारीरिक किंवा मानसिक अपंगत्वामुळे कमवू न शकणाऱ्या मुलाला अठरानंतरही मिळते. यात फक्त विवाहित मुलीचा अपवाद आहे. मूळ कायद्यात दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, ती २००१ साली काढून टाकली. मुस्लिम वडिलांवरही मुलांच्या पालनपोषणाची ही जबाबदारी आहे, हे १९९७ च्या नूर सबा खातून खटल्यात ठरलेलं आहे.

हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचं विसावं कलम याच्या जोडीला आहे. ते फक्त बापावर नाही, आईवरही जबाबदारी टाकतं. आई कमावती असेल, तर दोघांनी आपापल्या उत्पन्नाच्या प्रमाणात मुलाचा खर्च उचलायचा. याच कलमाखाली, स्वतःचा निर्वाह करू न शकणारी अविवाहित मुलगी सज्ञान झाल्यावरही वडिलांकडे खर्च मागू शकते. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा स्पष्ट केलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आणखी एक निकाल आला, रजनेश विरुद्ध नेहा. प्रकरण आपल्या नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून गेलेलं. त्यानंतर दोन्ही पक्षांना आपलं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज यांचं शपथपत्र द्यावंच लागतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. याआधी काय व्हायचं, तर अर्ज केल्यावर तारखांवर तारखा पडायच्या आणि नवऱ्याची नोकरी नेमकी त्याच महिन्यात सुटायची! हुकूम होऊनही पैसे दिले नाहीत, तर वॉरंट निघू शकतं आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र थकबाकीच्या वसुलीचा अर्ज ती रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करायचा असतो. कित्येक बायका ‘आज देईल, उद्या देईल’ म्हणून थांबतात आणि मुदत निघून जाते. थांबू नका.

इथे मला नेहमी ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ‘‘पोरगं भेटू देत नाही, मग पैसे कशाला देऊ?’’ आणि त्याचं जुळं भावंड, ‘‘पैसे देत नाही, मग पोरगं कशाला दाखवू?’’ दोन्हींना माझं उत्तर एकच असतं. भेट वेगळी आणि खावटी वेगळी. भेट मिळत नसेल, तर भेटीसाठी अर्ज करा. पैसे मिळत नसतील, तर वसुलीसाठी अर्ज करा. एकासाठी दुसरं अडवलं, तर मुलाचं जेवणही जातं आणि बापही जातो.

मुलाच्या नावावरच्या मालमत्तेबद्दल आईबापांचा समज असा असतो, की मूल आमचं, म्हणून जमीनही आमची. गावाकडे सातबारावर मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ असा शेरा दिसतो. म्हणजे खातेदार अज्ञान आहे आणि पालक म्हणून अमुक व्यक्ती पाहते आहे. तो पालक म्हणजे मालक नव्हे. अज्ञानाची स्वतंत्र स्थावर मालमत्ता विकायची, गहाण ठेवायची, बक्षीस द्यायची किंवा पाच वर्षांहून अधिक काळ भाड्यानं द्यायची असेल, तर आईवडिलांनाही न्यायालयाची आधी परवानगी घ्यावी लागते. मुलाची गरज असेल किंवा त्याचा उघड फायदा होणार असेल, तरच ती मिळते. परवानगीशिवाय झालेला व्यवहार ते मूल मोठं झाल्यावर रद्द करून मागू शकतं. त्यासाठी सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे, म्हणजे साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत. आणि न्यायालयानं नेमलेले नसताना, केवळ मूल सांभाळतो म्हणून चुलत्यानं किंवा मामानं जमीन विकली, तर तो अधिकार त्यांना मुळातच नाही. एकत्र कुटुंबाच्या न वाटलेल्या मिळकतीतल्या हिश्श्याला निराळे नियम आहेत, तिथे कर्त्याचा अधिकार पाहतात. म्हणून अशी जमीन घेणाऱ्यांनी आणि देणाऱ्यांनी आधी कागद दाखवून सल्ला घ्यावा. आणि मूल अठरा वर्षांचं झालं, की तो ‘अ.पा.क.’ शेरा अर्ज करून आठवणीनं काढून घ्यावा.

हक्कांबद्दल इतकं बोलले. आता जबाबदाऱ्या, ज्यांची यादी मोठी आहे आणि ज्यांच्याबद्दल माझ्याकडे सहसा कुणी विचारायला येत नाही.

पहिली जबाबदारी जन्माची नोंद. ती एकवीस दिवसांत व्हायला हवी. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा आहे. दुसरी जबाबदारी शाळेची. २००२ च्या घटनादुरुस्तीनं सहा ते चौदा वयाच्या मुलांचं शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि त्याच दुरुस्तीनं या वयाच्या मुलाला शिक्षणाची संधी देणं हे आईबापाचं मूलभूत कर्तव्य म्हणून संविधानात घातलं. त्यापाठोपाठ शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावता येत नाही. शाळा सुटल्यावर घरच्या शेतात किंवा दुकानात हातभार लावणं चालतं, पण काम धोक्याचं नसावं आणि त्यापायी शाळा बुडता कामा नये. ऊसतोडीला जाताना लेकरांना बरोबर नेणाऱ्या आईबापांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे पर्याय थोडे असतात. पण शाळा बुडाली की पुढच्या पिढीच्या हातीही कोयताच येतो, हेही खरं आहे.

तिसरी गोष्ट लग्नाची. मुलीचं अठरा आणि मुलाचं एकवीस पूर्ण होण्याआधी लग्न लावणाऱ्या किंवा लागू देणाऱ्या आईबापांना २००६ च्या कायद्याखाली शिक्षा होऊ शकते : दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. यात स्त्रीला कैद होत नाही, पण दंड होतो. लग्न लावणाराही सुटत नाही. आपल्याकडे गावात बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे. आणि ज्या मुलीचं असं लग्न झालंय, तिला सज्ञान झाल्यानंतर दोन वर्षांपर्यंत ते रद्द करून मागता येतं. ‘चांगलं स्थळ चालून आलं’ हा बचाव कायद्याला चालत नाही.

चौथी गोष्ट शहरातल्या सुखवस्तू घरांची. दहावीत टक्के चांगले पडले म्हणून मुलाच्या हातात गाडीची किल्ली देतात. अज्ञान मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ खाली पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. ‘मला माहीत नव्हतं’ हे पालकाला स्वतः सिद्ध करावं लागतं. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा. घरोघरी असते ती स्कूटर त्यात बसत नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीखाली दोन तरुण जीव गेले, तेव्हा हे कलम घराघरात चर्चेला आलं. दोन घरं उजाडायच्या आधी ते माहीत असतं, तर बरं झालं असतं.

पाचवी गोष्ट मारण्याची. ‘छडी लागे छमछम’चे दिवस शाळेतून कायद्यानं संपले आहेत. घरात आईबापाच्या धाकाला कायदा थोडी मोकळीक देतो, पण क्रूरतेला नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७५ सांगतं, की मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानं मुलाला मारहाण केली, त्याचे हाल केले किंवा त्याच्याकडे मुद्दाम दुर्लक्ष केलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. यात आईबापही आले. आणि मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर ते पोलिसांना कळवणं ‘पॉक्सो’ कायद्यानं प्रत्येकावर बंधनकारक आहे. घराण्याची अब्रू म्हणून गप्प बसणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. अब्रू गुन्हेगाराची जाते, लेकराची नाही, एवढं घरातल्या मोठ्यांनी मनाशी पक्कं करायला हवं.

आणि मूल सांभाळणं खरोखरच अशक्य झालं असेल तर? बारा वर्षांखालचं मूल टाकून देणं हा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षेचा. पण त्याला कायदेशीर वाट आहे. बाल कल्याण समितीपुढे जाऊन मूल समितीच्या स्वाधीन करता येतं. तिथे आधी समुपदेशन होतं आणि त्यानंतर फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. नाइलाजानं या वाटेनं आलेल्या आईला गुन्हेगार मानलं जात नाही. ही माहिती वेळेवर मिळाली, तर उकिरड्यावर सापडणारी काही बाळं तरी वाचतील.

वारशाबद्दलही थोडं सांगायला हवं. महाराष्ट्रानं १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, तो २००५ साली देशभर आला. रद्दबातल लग्नातून झालेल्या मुलांनाही आईबापाच्या हिश्श्यात वाटा आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. चूक आईबापाची, तिचा दंड लेकराला नको, हा त्यामागचा विचार. स्वकष्टार्जित मिळकत मात्र हिंदू आईबाप मृत्युपत्रानं कुणालाही देऊ शकतात. आपल्या शेजारच्या गोव्यात तसं नाही. तिथे पोर्तुगीज काळापासून सर्व धर्मांना एकच वारसा कायदा आहे आणि साधारणपणे निम्मी मिळकत मुलांसाठी राखीव राहते. मुलगी असो की मुलगा, सारखाच वाटा. आईबाप रागावले, म्हणून ती निम्मी काढून घेता येत नाही.

अठरा वर्षं पूर्ण झाली, की पालकत्व संपतं. मूल कुठे राहील, कुणाशी लग्न करेल, हे ठरवण्याचा अधिकार त्याचा होतो. २०१८ साली केरळमधल्या हादिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं. आईबापाचं प्रेम, काळजी, रागावणं चालूच राहतं, फक्त त्याला कायद्याचं पाठबळ राहत नाही. आणि आता फासे उलटे पडतात. म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळणं ही मुलाची जबाबदारी होते. लग्न झालेल्या मुलीचीही होते. कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या खटल्यात १९८७ सालीच ते ठरलं.

शेवटी कामाच्या दोन गोष्टी. स्त्रिया आणि मुलं यांना, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे साध्या कागदावर अर्ज चालतो. त्यांचा दूरध्वनी क्रमांक १५१००. मूल संकटात असेल, तर १०९८ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो; मूल स्वतःही फोन करू शकतं. हे दोन आकडे घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आणि तुमच्यापैकी कुणाच्या घरात आज असा वाद चालू असेल, तर माझी एक विनंती आहे. वकिलाकडे जाल तेव्हा ‘मूल कुणाला मिळेल’ हे जरूर विचारा. पण त्याआधी, रात्री ते झोपलेलं असताना, त्याच्या उशाशी बसून स्वतःला विचारा, की उद्या याला काय लागेल? शाळेची फी, आईचा हात, बापाची भेट, शांत घर. त्या यादीतलं जे तुमच्या हातात आहे, ते उद्यापासून द्यायला लागा. न्यायालयाची तारीख पुढच्या महिन्यात असते. मूल मात्र रोज वाढत असतं.